नत्थुजी ग्रेडर आणि डुकराचा रुपया

नत्थुजी भुयारांना अमरावतीच्या साईनगरात आडनावानं कुणी ओळखत नाही. ग्रेडरचं घर कोणतं म्हणून विचारा, पानठेल्यावरचा माणूस चुना लावता लावता हात करून दाखवतो. चौतीस वर्षं या गृहस्थानं सरकारी खरेदी केंद्रांवर कापसाला दर्जा दिला. आधी धामणगाव रेल्वे, मग नांदगाव खंडेश्वर, शेवटी अकोला. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळातून मूठभर कापूस ओढायचा, चिमटीत धरून अंगठ्यानं एकदा चोळायचा आणि सांगून मोकळं व्हायचं: पहिला, दुसरा, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, ज्याचं नाव काढलं की शेतकऱ्याचं तोंड उतरतं. हे सगळं एका श्वासात व्हायचं. दुसरा श्वास घ्यावा लागला तर तो ग्रेडर कसला, असं त्यांचं मत, आणि नत्थुजींची मतं म्हणजे दगडावरची रेघ, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवसापासून दर्जा कुणी विचारेना. आता यंत्रं आली. मूठभर रुई आत टाकली की धाग्याची लांबी, मजबुती, पांढरेपणा सगळं कागदावर छापून येतं. यंत्राला राग येत नाही, चहा लागत नाही, पानही लागत नाही. नत्थुजींच्या जिवाला हे फार लागलं. तोंडानं कधी बोलले नाहीत, पण घरात दिसेल त्याला दर्जा द्यायला लागले. भाजीवाल्याच्या भेंडीला दुसरा, शेजाऱ्याच्या भिंतीच्या नव्या रंगाला दुसरा, जावयाच्या जुन्या गाडीला कवडी. एकदा ताटातली पोळी उचलून उजेडाकडे धरली, तेव्हा लीलाबाईंनी ताटच उचलून नेलं. नवऱ्याचं त्यांनी चाळीस वर्षं पुष्कळ सोसलं होतं, पण पोळीचा दर्जा त्या कुणाच्या बापाला ठरवू देणार नव्हत्या.

नाण्यांचा नाद नसता तर हा माणूस घरातच वेडा झाला असता. तो नाद अकोल्याच्या अब्दुल सत्तार यांनी लावला. ताजनापेठेत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं बोळकांडीएवढं दुकान आहे, पण घड्याळांपेक्षा जुन्या चांदीच्या रुपयांवरच ते जास्त चालतं. नत्थुजी अकोल्याला नोकरीत असताना एकदा घड्याळ टाकायला गेले, काचेखाली मांडलेले राणीछाप रुपये पाहिले आणि भिंग न लावताच बोलून गेले की हे तीन घासलेले आहेत आणि हा एकच कोरा आहे. सत्तारभाईंनी डोळ्याला भिंग लावून चारही नाणी पाहिली. बोलणं खरं होतं. त्यांनी घड्याळाचे पैसे घेतले नाहीत, आणि मैत्री जमली ती जमलीच.

घासलेल्या नाण्याचं जरा समजावून सांगतो, कारण आपल्याकडे सगळा घात तिथंच होतो. वऱ्हाडात ज्या घरी जुने रुपये आहेत, त्या घरी ते धनतेरसला बाहेर निघतात. चिंच लावून, राख लावून बाया ते लखलखीत घासतात, मग हळदकुंकू वाहतात. त्यांना वाटतं लक्ष्मी उजळली. बाजाराच्या लेखी मात्र त्या नाण्याचं कातडं सोललेलं असतं. टांकसाळीतून निघताना चांदीवर जी झाक असते, ती एकदा गेली की ब्रह्मदेवाच्या बापालाही परत आणता येत नाही. म्हणून नत्थुजी खेड्यापाड्यांत नाणी पाहायला गेले की आधी किंमत विचारत नसत. दिवाळीला पूजेत काय काय काढता, ते विचारत.

अचलपूरला इंदूबाई नावाच्या म्हातारीकडे असेच गेले होते. डब्यात एकवीस रुपये निघाले आणि एकवीसही चिंचेनं नागवलेले. नत्थुजी चहा पिऊन उठतच होते, तेवढ्यात म्हातारी म्हणाली की आणखी एक आहे, पण तो पूजेत चालत नाही, त्याच्यावर डुक्कर आहे. नत्थुजी परत खाली बसले.

तो १९११ सालचा रुपया होता. त्या साली नाण्यावरच्या इंग्रज राजाच्या अंगरख्यावरच्या साखळीत एक हत्ती कोरला, पण त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर दिसायला लागला. हिंदूही चिडले, मुसलमानही चिडले, आणि पुढच्या साली सरकारनं मुकाट्यानं सोंड वाढवून दिली. इंदूबाईंच्या आजेसासूनं तो रुपया लक्ष्मीशेजारी ठेवायला साफ नकार दिला. फडक्यात बांधून तो धान्याच्या कणगीत गेला, कणगी मोडली तेव्हा पेटीत आला, आणि शंभरावर वर्षं त्याला ना चिंच लागली ना राख. फडकं उलगडलं, आणि नत्थुजींनी एक श्वास घेतला, मग दुसराही घेतला. म्हातारीनं जे मागितलं त्याच्या तिप्पट मोजून ते परत निघाले, आणि परतवाड्याच्या स्टँडवर एसटीत बसल्यावर दोनदा खिसा चाचपला. सत्तारभाईंना नाणं दाखवलं तेव्हा त्यांनी ते चिमट्यानं उचललं आणि जाहीर केलं की हा हत्तीच आहे, फक्त जरा दबलेला आहे. तेव्हापासून अख्खी दुनिया डुक्कर म्हणो, सत्तारभाई त्याला हत्तीच म्हणतात.

मुंबईला एक कंपनी आहे. नाणं पाठवलं की तिथले जाणकार ते तपासतात, सत्तरपैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून परत पाठवतात. साठाच्या वर गुण म्हणजे नाणं बाजारात हातोहात फिरलंच नाही. डुकराच्या रुपयाला चौसष्ट मिळाले. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. नत्थुजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हे पासष्टचं नाणं आहे, त्यांनी डबी टेबलावर ठेवत सांगितलं, आणि विषय तिथून पुढं दोन वर्षं संपला नाही.

एका गुणाचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. चौसष्टच्या डुकराला नागपूरचा एक शौकीन साठ हजार द्यायला तयार होता. तोच शौकीन पासष्टला पावणेदोन लाख देतो म्हणत होता. पण खरं सांगू का, नत्थुजींचा जीव पैशापेक्षा त्या आकड्यात अडकला होता. यंत्रानं त्यांना घरी बसवलं होतं. आता मुंबईच्या परक्या माणसानं त्यांच्या डोळ्याला एका गुणानं खोटं पाडलं होतं, आणि ते छापील अक्षरात डबीवर लिहिलेलं होतं.

यावर इलाज काय, हे त्यांना नांदगाव खंडेश्वरच्या दिवसांपासून माहीत होतं. तिथं पंचफुलाबाई नावाची एक शेतकरीण गाडी घेऊन आली होती. नत्थुजींनी कापसाला दुसरा दर्जा दिला. बाई भांडली नाही, रडली नाही, गाडी वळवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत एका ओल्या, कळकट गाडीच्या मागं उभी राहिली. नत्थुजींनी हात घातला, कापूस चोळला आणि पहिला दर्जा दिला. चिठ्ठी हातात पडल्यावर बाई म्हणाली, "साहेब, कापूस कालचाच हाये. डोया कालचा नाई." त्या दिवशी नत्थुजींना जेवण गेलं नाही. पण शिकायचं ते शिकले. दर्जा माणूस देतो, आणि माणसाला भूक लागते, ऊन लागतं, आधीची गाडी डोळ्यांत राहते.

म्हणून सत्तारभाई आणि ते मिळून एक धंदा करत. गुण कमी पडलेलं नाणं घ्यायचं, डबी फोडायची आणि नाणं पहिल्यांदाच तपासायला आल्यासारखं कंपनीकडं पाठवायचं. डबीसकट पाठवलं तर पहिल्या तपासणाऱ्याचा आकडा पाहून दुसऱ्याची वर जायची हिंमत होत नाही. आणि चांगलं नाणं नेहमी दोन मरतुकड्या नाण्यांच्या मागं लावायचं. आतापर्यंत सात नाणी अशी फिरवली होती. पाच नाणी एक पायरी वर चढली, दोन जिथल्या तिथं राहिली, खाली एकही आलं नव्हतं. नफ्याची निम्मी-निम्मी वाटणी, आणि फुशारकी सगळी नत्थुजींची.

तरी डुकराची डबी फोडायची म्हटल्यावर सत्तारभाईही जरा बिचकले. डबी फुटली की चौसष्ट गेले. परत चौसष्ट मिळतीलच असा कुणाच्या घरचा कायदा नाही. लीलाबाईंनी तर सरळ विचारलं, "हातचं सोडून पयत्याच्या मागं कावून लागून राहिले? चौसष्ट का वंगाळ हाये?"

"वंगाळ नाई," नत्थुजी म्हणाले. "चुकीचं हाये."

रविवारी सकाळी पडवीत चांगला उजेड आल्यावर काम काढलं. सत्तारभाई अकोल्यावरून पहिल्या गाडीनं आले होते. खाली जुनं धोतर अंथरलं, डबीवर फडकं गुंडाळलं, आणि नत्थुजींनी पकडीनं एकेक कोपरा दाबला. हातमोज्यात पकड सटकत होती म्हणून मोजे काढून ठेवले. चौथ्या कोपऱ्याला डबी कटकन उकलली आणि रुपया धोतरावर पडला. नत्थुजींनी तो शहाण्या माणसासारखा फक्त कडांना धरून उचलला. पडवीच्या टोकाशी गेले, उजेडाकडं धरला, आणि राजाच्या गालावरून अंगठा एकदा फिरवला. चिमटीत आलेला माल चोळायचा, ही चौतीस वर्षांची सवय. हातानं काम केलं आणि माणसाला पत्ताच लागला नाही. सत्तारभाई पिशवीत पाकीट शोधत होते. चहा घेऊन आलेल्या लीलाबाईंनी तेवढं पाहिलं आणि राजाचे लाड चालले आहेत का म्हणून टोमणा मारला. सगळे हसले. सत्तारभाईंनी नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला. गाल अगदी साफ दिसत होता.

एकूण नऊ नाणी गेली. डुकराला सातवा नंबर दिला, त्याच्या आधी दोन काळवंडलेली लावली. पाठवण्याआधी नत्थुजींनी एका चिठ्ठीवर नऊही नाण्यांचे गुण आपल्या हातानं लिहिले, सत्तारभाईंची सही घेतली आणि चिठ्ठी लीलाबाईंकडे सांभाळायला दिली. सातव्यापुढं पासष्ट लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

पुढचे दोन महिने या माणसाचा थाट पाहण्यासारखा होता. सकाळच्या फिरण्याच्या मंडळात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नागपूरच्या शौकिनाचा फोन आला, तर त्याला सांगून टाकलं की आता यायचं तर पासष्टच्या भावानं यायचं. पानठेल्यावर तर त्यांनी डुकराची इतकी तारीफ केली की एका नवख्या माणसानं वराहपालनाचं सरकारी अनुदान कुठं मिळतं ते विचारलं. लीलाबाई एवढंच म्हणत की बोलावं थोडं, निकाल लागू द्यावा. नत्थुजींच्या मते निकाल लागलेलाच होता, फक्त टपालानं यायचा राहिला होता.

पार्सल सत्तारभाईंच्या दुकानात आलं. नत्थुजी चिठ्ठी खिशात घालून अकोल्याला पोचले. शटर अर्धं ओढून दोघांनी एकेक डबी काढायला सुरुवात केली. पहिली, चिठ्ठीत अठ्ठावन्न, डबीवर अठ्ठावन्न. दुसरी जुळली. तिसरी जुळली. पाचव्यापर्यंत सत्तारभाई नुसते तोंडात बोट घालून बघत राहिले. सातवी डबी नत्थुजींनी मुद्दाम बाजूला ठेवली आणि आधी आठवी, नववी उघडली. आठच्या आठ बरोबर. एकाही आकड्यात एका गुणाचा फरक नाही. कुणाच्याही डोक्यात हवा जावी असाच तो प्रकार होता, नत्थुजींच्या तर गेलीच. मग त्यांनी सातवी उलटी केली. बासष्ट.

दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मुंबईवाल्यांना मोतीबिंदू झाला असेल, असं काहीतरी ते बोलले, पण आवाजात जोर नव्हता, कारण बाकीचे आठ आकडे समोरच पडले होते. ज्या माणसाचे आठ बरोबर, त्याचा नववाच कसा चुकेल? त्यांनी सत्तारभाईंचं भिंग मागितलं आणि डबी दिव्याखाली धरली.

राजाच्या गालावर तपकिरी रेषांची वर्तुळं उमटली होती. चांदीवर घामाचा हात लागला की तेव्हा काही दिसत नाही, पण महिनाभरानं डाग वर येतो, हे नत्थुजींनी स्वतः कितीजणांना शिकवलं होतं. हा अंगठ्याचा ठसा होता. आणि त्या वर्तुळांना मधून तिरपी छेदणारी एक बारीक कोरी रेघ होती. धामणगावला असताना कापसाच्या गठाणीची लोखंडी पट्टी लागून नत्थुजींचा उजवा अंगठा चिरला होता, त्याचा व्रण अजून आहे. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि अंगठा डबीशेजारी धरला. पडवी, ऊन, लीलाबाईंचा टोमणा, सगळं डोळ्यांसमोर आलं.

सत्तारभाईंनी भिंग ओढून घेतलं. ठसा त्यांनाही दिसला, व्रण काही त्यांच्या ध्यानात आला नाही. ते तर उभेच राहिले. कंपनीच्या माणसानं बिनमोज्याचा हात लावला, हे उघड आहे, म्हणाले. आपल्याकडे पाठवण्याआधीचे फोटो आहेत, तारखेसकट, त्यात गाल साफ आहे. कंपनीच्या ताब्यात नाणं खराब झालं तर भरपाई द्यायची, हा त्यांचाच नियम आहे, पावतीमागं छापलेला. मुकाट्यानं चौसष्टचे पैसे देतील, कदाचित जास्तच.

"केस पक्की हाये, नत्थुभाऊ," ते म्हणाले आणि फोन लावून मोकळेही झाले. सत्तारभाई काही लबाड माणूस नाही, हे ध्यानात ठेवा. त्यांना जे दिसलं ते खरंच तसंच होतं.

फोन वाजत होता तेवढ्या वेळात नत्थुजींच्या मनात काय काय येऊन गेलं, ते मी सांगतो. आधी शरम आली. चौतीस वर्षांच्या ग्रेडरनं आपल्याच हातानं आपलाच माल कवडी केला होता. मग मोह झाला. साठ हजार काही थोडे नसतात, आणि फोटो खोटे नव्हते. आणि मग, माणूस कसा असतो बघा, त्यांनी हिशेब केला. हे नाणं दुसऱ्याचं असतं आणि असा ठसा घेऊन आपल्यासमोर आलं असतं, तर आपण किती दिले असते? स्वच्छ असतं तर पासष्ट. ठशाचे तीन कापायचे. बासष्ट. ना एक कमी, ना एक जास्त. म्हणजे मुंबईला कुठल्याशा टेबलावर बसलेल्या माणसानं राजाचा गाल पाहिला, त्यावरचा अंगठा पाहिला आणि नत्थुजींनी जे केलं असतं तेच केलं. खूप वर्षांनी नत्थुजींना आपल्या जातीचा कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं, आणि आनंद झाला. शरम होतीच, पण तिच्या शेजारी हा आनंद येऊन बसला.

फोन एका मुलीनं उचलला. सत्तारभाई तावातावानं सुरू होणार, तेवढ्यात नत्थुजींनी फोन हातातून काढून घेतला. पार्सलचा नंबर सांगितला, सातव्या नाण्याबद्दल बोलतो म्हणाले.

"तक्रार काय आहे सर?" मुलीनं विचारलं.

"तक्रार नाई. त्या नाण्यावर आंगठा उमटला हाये. तो आंगठा माहा हाये. तुमच्या माणसानं बासष्ट देल्ले, ते बरोबर देल्ले, एवढंच सांगाचं होतं."

सत्तारभाईंनी डोक्याला हात लावला आणि स्टुलावर बसले.  पलीकडून मुलीनं अडखळत सांगितलं की तिच्यासमोर फक्त तक्रारींचेच पर्याय आहेत. दर्जा मान्य नाही, नाणं खराब झालं, डबी फुटली. दर्जा बरोबर आहे, असा पर्यायच नाही. तिनं काय लिहायचं?

"मंग लिहू नोका," नत्थुजी म्हणाले. "ज्यानं पायलं त्याले जाऊन तोंडी सांगजा."

सांगते म्हणाली. आवाज उतरवून असंही म्हणाली की ते तिच्या मागच्याच खोलीत बसतात, वयस्कर आहेत, चार वर्षांत त्यांच्यासाठी असा फोन पहिल्यांदाच आला. मग तिला आपलं काम आठवलं. नाणं पुन्हा तपासणीला पाठवायचं असेल तर या महिन्यात फीमध्ये सवलत आहे, पाठवणार का, तिनं विचारलं.

"नाई बेटा," नत्थुजी म्हणाले. "आता ते बरोबर हाये."